घाट अजून लांब असताना मळमळतं कशाने? मस्तिष्कस्तंभ आणि जोडीने शिकणं

प्रश्न देवगडच्या एका विज्ञान शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "पुस्तकात मस्तिष्कस्तंभाबद्दल श्वास, हृदयाचे ठोके, खोकला, शिंक, गिळणं एवढंच येतं. शिकणं म्हटलं की सगळं मोठ्या मेंदूच्या खात्यावर. पण वर्गातल्या तीन-चार मुलींना कोल्हापूरच्या एसटीत नुसतं बसलं तरी मळमळायला लागतं. गाडी अजून स्टँडवरच उभी असते, फोंडाघाट कुठल्या कुठे लांब असतो. हे शिकणं मेंदूत होतं कुठे? मस्तिष्कस्तंभाचा त्यात वाटा आहे का? आणि असं शिकणं वर्गात दाखवता येईल का?"

वाटा आहे, आणि मोठा आहे. अंगावर काय बेतलं याची पहिली बातमी मेंदूला मस्तिष्कस्तंभातून मिळते. ते अपेक्षित होतं की अनपेक्षित, हा हिशोबही बऱ्याचदा तिथल्याच पेशी पुढे कळवतात. तो निरोप आला नाही तर दोन गोष्टींची जोडी जुळतच नाही. जुळलेली जोडी साठवली कुठे जाते, हे मात्र काय शिकतोय त्यावर ठरतं. पापणीचं शिकणं मस्तिष्कस्तंभ आणि अनुमस्तिष्क दोघे मिळून उरकतात. मळमळीचं त्यांना एकट्याने उरकत नाही, वरच्या मेंदूकडे जावंच लागतं. हा फरक नीट कळला की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो.

आधी जागा. मस्तिष्कस्तंभ म्हणजे मोठा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू यांच्यामधला, अंगठ्याएवढा जाड देठ. वरून खाली त्याचे तीन भाग: मध्यमस्तिष्क, पॉन्स आणि पुस्तकातलं मस्तिष्कपुच्छ. अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू त्याच्या पाठीला चिकटलेला असतो, पण तो मस्तिष्कस्तंभात मोजत नाहीत. पुढे "पुंज" हा शब्द वारंवार येईल. एका कामासाठी एकत्र जमलेल्या चेतापेशींचा तो गठ्ठा. पेशीतल्या केंद्रकाशी त्याची गल्लत करू नका. इंग्रजीत दोघांना एकच शब्द असल्यामुळे विद्यार्थ्यांची ती हमखास होते.

आता पापणी. सूर वाजतो, साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत डोळ्यावर हवेची फुंकर बसते. फुंकर बसली की पापणी लवणारच, ते जन्मजात. अशा जोड्या पुन्हा पुन्हा मिळाल्या की पापणी सुरावरच मिटायला लागते आणि फुंकर यायच्या क्षणाला बरोबर पूर्ण मिटलेली असते. मानसशास्त्रात याला अभिजात अभिसंधान म्हणतात. सुराला मी इथे "इशारा" म्हणेन. सशाच्या तिसऱ्या पापणीवर ही पद्धत इसिडोर गोर्मेझानो यांनी १९६०च्या दशकात बसवली, आणि पुढे रिचर्ड थॉम्पसन यांच्या प्रयोगशाळेने तिच्या आधाराने मेंदूतला मार्ग टप्प्याटप्प्याने शोधून काढला. सस्तन प्राण्यांतल्या एखाद्या शिकण्याचा इतका पूर्ण नकाशा क्वचितच दुसरा मिळेल.

फुंकरीचा मार्ग असा. डोळ्याच्या बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्यातून ट्रायजेमिनल चेता निघते आणि मस्तिष्कस्तंभातल्या ट्रायजेमिनल पुंजात येते. तिथून एक वाट थेट फेशियल चेतेच्या पुंजाकडे जाते आणि पापणी मिटते. ही झाली साधी प्रतिक्षिप्त क्रिया. दुसरी वाट बाजू ओलांडून मस्तिष्कपुच्छाच्या वरच्या भागातल्या इन्फिरियर ऑलिव्ह या पुंजाकडे जाते. ऑलिव्हमधून निघालेले तंतू पुन्हा बाजू ओलांडतात आणि डोळ्याच्याच बाजूच्या अनुमस्तिष्कात चढतात.

"चढतात" हा शब्द इथे अक्षरशः घ्या. पोफळीवर चढवलेली मिरीची वेल डोळ्यासमोर आणा: एका पोफळीला एकच वेल, खोडाला घट्ट बिलगून वरपर्यंत गेलेली. अनुमस्तिष्कातल्या प्रत्येक पुरकिंजे पेशीला (तिथली मोठी, खूप फांद्या असलेली चेतापेशी) प्रौढपणी ऑलिव्हकडून असाच एकच तंतू येतो आणि तिच्या फांद्यांवर वेटोळे घालत शेकडो ठिकाणी जोडला जातो. त्यामुळे त्याचा एक संदेशसुद्धा पेशी हलवून सोडतो. पण हे संदेश येतात विरळ, सरासरी सेकंदाला एखादा. उलट इशाऱ्याची बातमी असंख्य बारीक तंतूंनी येते. सूर कानातून कॉक्लियर पुंजात, तिथून पुढच्या श्रवणमार्गाने पॉन्समधल्या पॉन्टाइन पुंजांत, आणि तिथून अनुमस्तिष्कात. शेवटी जे समांतर तंतू होतात ते विजेच्या तारांसारखे झाडामागून झाड ओलांडत सरळ जातात. एका पुरकिंजे पेशीवर असे लाखाहून जास्त तंतू टेकतात, आणि प्रत्येकाचा जोर अगदी थोडा.

म्हणजे एकाच पेशीवर दोन बातम्या येऊन मिळतात: पॉन्समार्गे "सूर वाजला" आणि ऑलिव्हमार्गे "फुंकर बसली". दोन्ही बातम्या मस्तिष्कस्तंभातून आलेल्या आहेत. ऑलिव्हचा तडाखा बसतो तेव्हा आधीपासून बोलत असलेल्या समांतर तंतूंची जोडणी सैल पडते. डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये आणि जेम्स आल्बस यांनी १९७१ मध्ये अशी काही यंत्रणा असावी असं गणिताने मांडलं. दोघांच्या मांडणीत फरक होता: मार म्हणत होते जोडणी घट्ट होते, आल्बस म्हणत होते सैल होते. १९८२ मध्ये मासाओ इतो यांनी प्रत्यक्ष दाखवलं ते सैल होणं. आज जाणकार एवढ्याच एका बदलावर सगळा भार टाकत नाहीत, या पेशींच्या खाली, अनुमस्तिष्काच्या आत असलेल्या पुंजातही बदल होतो असं मानतात. दिशा मात्र तीच आहे.

पुरकिंजे पेशी खालच्या इंटरपोझिटस पुंजावर एरवी सतत ब्रेक दाबून असतात. शिकल्यावर इशारा वाजला की या पेशी मोजून मधलाच काही वेळ गप्प बसतात, ब्रेक सुटतो, आणि इंटरपोझिटस बोलतो. त्याचा हुकूम बाजू ओलांडून मध्यमस्तिष्कातल्या रेड न्यूक्लियस या पुंजाकडे जातो, तिथून पुन्हा बाजू ओलांडून फेशियल पुंजाकडे, आणि पापणी मिटते. दोनदा ओलांडल्यामुळे डोळा आणि अनुमस्तिष्क एकाच बाजूचे राहतात. उजव्या अनुमस्तिष्काला इजा झालेल्या पेशंटला उजव्या पापणीचं शिकणं जड जातं, ते याचमुळे.

हे सगळं चित्र नुसत्या तर्काने रचलेलं नाही. १९८४ मध्ये मॅककॉर्मिक आणि थॉम्पसन यांनी शिकलेल्या सशांच्या इंटरपोझिटसमध्ये जेमतेम काही मिलिमीटरच्या आतली जागा निकामी केली. शिकलेलं मिटणं गेलं, फुंकरीला लवणं जसंच्या तसं राहिलं. म्हणजे स्नायू ठीक, चेता ठीक, फक्त आठवण गेली. याहून सुबक प्रयोग १९९३चा, क्रुपा आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी म्युसिमॉल नावाच्या औषधाने एका गटात इंटरपोझिटस आणि दुसऱ्या गटात रेड न्यूक्लियस तात्पुरता झोपवला आणि त्या अवस्थेत काही दिवस शिकवणी दिली. शिकवणी चालू असताना दोन्ही गटांची पापणी सुराला ढिम्म. औषध थांबवल्यावर रेड न्यूक्लियस गटाने पहिल्याच दिवशी शिकलेलं सगळं दाखवलं. इंटरपोझिटस गटाला काहीच येत नव्हतं, पाटी कोरी. म्हणजे रेड न्यूक्लियस ही बाहेर पडायची वाट आहे, आणि शिकणं त्याच्या अलीकडे होतं. वर्गात एकच प्रयोग सांगायला वेळ असेल तर हाच सांगा. "करता येत नाही" आणि "शिकलंच नाही" यातला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

ऑलिव्हचं काम किती मध्यवर्ती आहे तेही कृत्रिमपणे दाखवून झालंय. फुंकर न देता ऑलिव्हलाच बारीक विद्युतझटका दिला, आणि सूर न वाजवता पॉन्टाइन पुंजांना दिला, तरी जोडी जुळते. कान नको, डोळा नको. प्राण्याच्या दृष्टीने बाहेर काहीही घडलेलं नसतं आणि तरी तो शिकतो. ऑलिव्ह नष्ट केल्यावर काय होतं यावर मात्र वाद झाला. एका गटाला शिकलेलं मिटणं हळूहळू विझताना दिसलं, जणू फुंकर बंद केली असावी. दुसऱ्या गटाला ते लगेच गेलेलं दिसलं. ऑलिव्ह गेला की अनुमस्तिष्काची सगळी लयच बिघडते, त्यामुळे अशा इजांवरून नेमका निष्कर्ष काढणं अवघड आहे. माझा भर म्युसिमॉल आणि विद्युतझटक्यांच्या प्रयोगांवर आहे.

आता एक गोष्ट जी पुस्तकांत फार मागे पडते. शिकणं थांबवायचं कोणी? फुंकर तर रोज येतेच आहे, मग जोडणी सैल होत होत संपून कशी जात नाही? याचं उत्तरही ऑलिव्हमध्ये आहे. इंटरपोझिटसमधून एक दाबणारी वाट ऑलिव्हकडे परत येते. पापणीला हुकूम सुटला की त्याच वेळी ऑलिव्हला "हे मला कळलंय, गप्प बस" असं सांगितलं जातं. मग फुंकर आली तरी ऑलिव्ह फारसा उठत नाही. म्हणून ऑलिव्हचा निरोप नुसता "फुंकर बसली" एवढा राहत नाही, तो "न सांगता बसली" असा होतो. लिऑन कॅमिन यांनी १९६९ मध्ये लिहिलेला एक जुना परिणाम यातून सुटतो: आधी सुरावर पक्कं शिकवलं आणि मग सुराच्या जोडीला दिवाही लावला, तर दिव्याबद्दल प्राणी जवळपास काही शिकत नाही, कारण सुरानेच सगळं सांगून झालेलं असतं. १९९८ मध्ये किम, क्रुपा आणि थॉम्पसन यांनी ऑलिव्हवरचा हा दाब औषधाने उठवला, आणि ससे दिव्याबद्दलही शिकले.

वरचा मेंदू लागतो का? मध्यमस्तिष्काच्या वरून वरचा मेंदू तोडलेल्या प्राण्यांतही सुरावर मिटणारी पापणी टिकते, आणि अशा फेरेटना (मुंगसासारखा छोटा प्राणी) नव्याने शिकवताही येतं. माणसांत १९७९ मध्ये वाइस्क्रांट्झ आणि वॉरिंग्टन यांनी स्मृतिभ्रंशाच्या दोन पेशंटना पापणीचं शिकवलं. पापणी शिकली, पण त्या यंत्रासमोर आपण बसलो होतो हे त्यांना सांगता येत नव्हतं. अट एकच: फुंकर येईपर्यंत सूर चालू हवा. सूर थांबून मध्ये अर्ध्या-एक सेकंदाची शांतता ठेवली की हिप्पोकॅम्पस हा वरच्या मेंदूतला आठवणींचा भाग लागतो, आणि १९९८ मध्ये क्लार्क आणि स्क्वायर यांनी दाखवल्याप्रमाणे काय चाललंय याची जाणीवही लागते. मस्तिष्कस्तंभ आणि अनुमस्तिष्क मिळून रिकामी जागा भरून काढू शकत नाहीत.

वर्गात दाखवता येतं, खर्चही फारसा नाही. कॅमेऱ्याच्या लेन्सवरची धूळ उडवायचा रबरी फुगा घ्या. कॉम्प्रेसर आणि दाबाच्या हवेचा डबा दोन्ही अजिबात नको. डब्यातून थंड द्रव उडू शकतो. फुग्याचं टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून ३ सेंटिमीटरवर, थोडं कानशिलाच्या बाजूने, स्टँडला बांधून ठेवा. फुंकर आधी स्वतःच्या तळहातावर, मग स्वतःच्या डोळ्यावर घेऊन बघा. पापणी लवली पाहिजे, पण टोचता कामा नये. कॉन्टॅक्ट लेन्स काढायला लावा. डोळे आलेले असतील किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्या मुलाला बसवू नका. पालकांची लेखी परवानगी आधी घ्या.

वेळ साधण्यासाठी एक छोटी व्हिडिओ फाइल बनवा. इअरफोनचं डावं टोक मुलाच्या कानात, उजवं फुगा दाबणाऱ्याच्या कानात. डाव्या कानाच्या आवाजात इशारा: १००० हर्ट्झचा सूर, ४५० मिलिसेकंद, बोलण्याच्या आवाजाएवढा. उजव्या कानाच्या आवाजात फुगा दाबणाऱ्यासाठी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तीन ठेके. चौथ्या ठेक्याच्या जागी त्याने फुगा दाबायचा. सूर त्या चौथ्या ठेक्याच्या ४०० मिलिसेकंद आधी सुरू व्हावा. ठेके कशासाठी, तर सूर ऐकून दाबायचं म्हटलं तर हात दर वेळी मागेपुढे होतो; ताल धरला की तो बराच नेमका पडतो. सूर सुरू होतो त्या क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान पांढरा चौकोन उमटू द्या आणि लॅपटॉप मुलाच्या पाठीमागे ठेवा, म्हणजे समोरच्या फोनच्या चित्रणात इशाऱ्याची वेळ दिसेल. फुग्याच्या टोकाला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवा; ती हलली की फुंकर सुटली. फोनवर सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन लावलं तर एक चित्र साधारण ४ मिलिसेकंदांचं.

क्रम: आधी १० वेळा नुसता सूर, मग ६० जोड्या, त्यात दर दहावी वेळ नुसता सूर, शेवटी २० वेळा नुसता सूर. दोन जोड्यांतलं अंतर १० ते २० सेकंदांत बदलतं ठेवा. मुलाने समोर आवाज बंद केलेली एखादी फिल्म बघत बसावं. "सुरावर डोळा मिट" किंवा "मिटू नको" यातलं काहीही सांगू नका.

मोजताना तीन खिडक्या करा. सूर सुरू झाल्यापासून पहिल्या १०० मिलिसेकंदांतलं लवणं म्हणजे आवाजाला दचकणं. ते शिकणं धरू नका. १०० ते ४०० मधलं शिकलेलं. त्यानंतरचं फुंकरीचं. माणूस एरवीही मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लवतो, म्हणजे ३०० मिलिसेकंदांच्या खिडकीत निव्वळ योगायोगाने दर शंभरात सात-आठदा लवणार. दहात एकदा लवली तर काहीच सिद्ध झालं नाही. सुरुवातीच्या दहा नुसत्या सुरांचा आकडा तुलनेसाठी हवा तो याचसाठी.

बिघडतं कुठे? सर्वांत जास्त वेळा फोनच्या किंवा लॅपटॉपच्या "मोनो" आवाजामुळे. दोन्ही कानांचे आवाज एकत्र होतात, मुलाला ठेके ऐकू येतात, आणि तो दीड सेकंद आधीपासून डोळा मिटायला लागतो. शिकलेला असतो, पण तुमच्या सुरावर नव्हे, ठेक्यांवर. दुसरं, फुगा दाबणाऱ्याचा हात दिसणं. मध्ये पुठ्ठा लावा. तिसरं, जोड्यांतलं अंतर ठरावीक ठेवणं. मग तो वेळ मोजून लवतो. चौथं, ब्लूटूथ इअरफोन. त्यांचा आवाज उशिरा येतो आणि पांढऱ्या चौकोनाशी जुळत नाही, वायरचेच वापरा. तरीही चित्र आणि आवाज यांत थोडा फरक राहतो, तो एकदा स्पीकरवर वाजवून तपासून घ्या. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंखा. पंख्याचा वारा डोळ्यावर आला की लवणं वाढतं, बंद केला तर घाम डोळ्यात उतरतो. सकाळची पहिली तासिका घ्या आणि पंख्याखालची जागा टाळा.

सूर आणि फुंकर यांतलं अंतर बदलूनही बघा. ५० मिलिसेकंद ठेवलं तर कोणी शिकत नाही, दीड-दोन सेकंद ठेवलं तर फारच कमी. या यंत्रणेला दोनशे ते पाचशे मिलिसेकंदांच्या आसपासचीच जोडी नीट पकडता येते.

इथेच मळमळीचं कोडं सुरू होतं, कारण तिथे अंतर तासांचं असतं. रात्री जेवलेलं पहाटे बाधतं आणि तरी माणूस त्या पदार्थावरून उतरतो, तेही एकाच फटक्यात. जॉन गार्शिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांना गोड चवीचं पाणी दिलं, आणि चाटताना दिवाही लागेल, आवाजही होईल अशी सोय केली. ज्यांना नंतर आजारी पाडलं त्यांनी चव टाळली. ज्यांच्या पायाला झटका दिला त्यांनी दिवा आणि आवाज टाळला. कशाची जोडी कशाशी जुळायची याचा कल शरीरात आधीपासून असतो.

या कामातही पहिली बातमी मस्तिष्कस्तंभाचीच. जिभेची चव आणि व्हेगस चेतेमार्गे येणारी पोटाची तक्रार दोन्ही मस्तिष्कपुच्छातल्या सॉलिटरी पुंजात उतरतात. त्याला लागूनच एरिया पोस्ट्रेमा आहे. रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा तिथे विरळ असल्यामुळे रक्तातलं विष त्याला थेट कळतं. आतल्या कानाची बातमी शेजारच्या व्हेस्टिब्युलर पुंजांत येते. घाटात डोळे सांगतात "समोरची सीट स्थिर आहे" आणि कान सांगतो "आपण गरगरतोय". हा झगडा मळमळीच्या मार्गावर जाऊन पोचतो. पुढचा टप्पा पॉन्समधला पॅराब्रेकियल पुंज. २०१५ मध्ये रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत त्यातल्या ठरावीक पेशी नव्या चवीबरोबर कृत्रिमपणे चेतवल्या, आणि आजार नसतानाही उंदीर ती चव टाळू लागले.

पण वरचा मेंदू तोडला तर? हार्वी ग्रिल आणि राल्फ नॉरग्रेन यांनी १९७८ मध्ये असे उंदीर तपासले. पोट भरलं की ते खाणं थांबवत होते, पण आजाराशी जोडलेली चव टाळायला शिकले नाहीत. चव मस्तिष्कस्तंभात, आजाराची बातमी मस्तिष्कस्तंभात, तोंड फिरवायची क्रियाही मस्तिष्कस्तंभात, आणि तरी जोडी जुळली नाही. तासांचं अंतर सांधायला वरच्या मेंदूतले अमिग्डाला आणि इन्सुलर कॉर्टेक्स हे भाग लागतात. पापणीशेजारी हा प्रयोग ठेवून शिकवा.

मध्यमस्तिष्काबद्दल दोनच शब्द. मासेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा ऐकून गल्लीतली मांजरं धावतात ना, त्यात तिथल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा हात असतो. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांत दाखवलं की या पेशी आधी खाऊ मिळाल्यावर बोलतात, शिकल्यावर इशाऱ्यावर बोलतात, आणि इशारा होऊन खाऊ आला नाही तर त्या क्षणाला नेहमीपेक्षाही गप्प होतात. पुन्हा तोच "अपेक्षेपेक्षा वेगळं" असा निरोप. भीती शिकताना मध्यमस्तिष्कातला पेरिअॅक्वेडक्टल ग्रे हा भाग अमिग्डालासाठी असंच काहीसं करतो.

बांगड्याचं उदाहरण मुलांना चटकन पटेल. बर्फात न ठेवलेल्या बांगड्यात किंवा कुप्यात (ट्यूना मासा) जिवाणूंमुळे हिस्टामिन हे रसायन तयार होतं आणि शिजवून ते जात नाही. खाल्ल्यावर बऱ्याचदा तासाभराच्या आत चेहरा लाल, डोकं जड, धडधड, कधी उलटी. पण ज्याने जन्मभर बांगडा खाल्लाय त्याचं मन बांगड्यावरून उडत नाही. त्याच ताटात पहिल्यांदाच चाखलेलं काही असेल तर त्याच्यावरून उडतं. पूर्वी शंभरदा निर्धोक ठरलेल्या चवीची आजाराशी जोडी सहजी जुळत नाही. यामुळे दोष खऱ्या कारणाऐवजी नव्या पदार्थावर जातो आणि मासा बर्फात होता का, हे कोणी विचारत नाही.

याचा उपयोग केमोथेरपी घेणाऱ्या घरांनाही आहे. इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये दाखवलं की उपचाराआधी नव्या चवीचं आइस्क्रीम दिलेली मुलं नंतर ते टाळतात. म्हणून उपचाराच्या दिवशी मुलाला आवडावी अशी नवी डिश देऊ नका. उलट एखादी तीव्र, अनोळखी चवीची गोळी चघळायला दिली तर दोष बराचसा तिच्यावर जातो आणि नेहमीचं जेवण वाचतं. हॉस्पिटलच्या वासानेच मळमळ सुरू झाली असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. एकदा जुळलेल्या जोडीवर उलटीची नेहमीची औषधं कमी चालतात, त्यामुळे पहिल्या फेरीपासून मळमळ दाबून ठेवणं महत्त्वाचं.

आता तुमच्या मुली. "पित्त आहे", "नाटकं करते" असं कोणी म्हणत असेल तर थांबवा. डिझेल, रेक्झिनची सीट, फिनेलचा वास हा इशारा झालाय आणि शरीर घाटाच्या आधीच त्याला उत्तर देतंय. डॉक्टरांनी दिलेली गाडी लागण्याची गोळी गाडी सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर उशीर झालेला असतो, आणि त्या दिवशीची उलटी जोडी आणखी घट्ट करते. पुढची सीट, नजर लांबच्या रस्त्यावर, मोबाइल आणि पुस्तक बंद. हुंगायला लिंबू देतात त्यात एक अडचण आहे: दर वेळी मळमळतानाच हुंगलं तर लिंबाचा वासही त्याच साखळीत ओवला जाऊ शकतो. द्यायचं तर गाडीत चढायच्या आधी, बरं वाटत असताना द्या.

जोडी सोडवायची तर इशारा मिळाला पाहिजे आणि मळमळ येता कामा नये. घरी डिझेलचा वास देऊन भागत नाही, कारण विसरवणं जागेला फार बांधलेलं असतं. एसटीतच करावं लागतं. पहिले काही दिवस देवगड ते जामसंडे, खिडकीपाशी. दोन-तीनदा काही झालं नाही की तळेबाजार. मग शिरगाव, मग नांदगाव तिठा. रोज जमलं तर उत्तम, निदान आठवड्यातून तीनदा तरी. मोठी सुट्टी मध्ये गेली तर मळमळ थोडी परत येते. तो पराभव समजू नका, आधीच्या थांब्यापासून धरा, या वेळी लवकर सरतं. फोंडाघाट सर्वांत शेवटी, रिकाम्या पोटी नको, तुडुंब जेवूनही नको, आणि त्या दिवशी गोळी घेऊनच. मधल्या टप्प्यात एखादीला उलटी झालीच तर त्याच दिवशी पुन्हा बसवू नका. दुसऱ्या दिवशी एक थांबा अलीकडे उतरवा.